औषध केव्हा थांबवावे?

काही शब्द आपल्या घरून निघून परमुलखात जातात आणि तेथे इतके मोठे होतात, की पुढे कधी गाठ पडली असता आपल्यालाच त्यांची ओळख पटवून घ्यावी लागते. ‘भूमिपुत्र’ हा शब्द अशांपैकी एक आहे. मलेशियात त्याचा उच्चार ‘बुमिपुतेरा’ असा होतो. मलय भाषेत आपल्या परिचयाचे शब्द पुष्कळ सापडतात. भाषेला तेथे ‘बहासा’ म्हणतात, पतीला ‘सुआमी’, वंशाला ‘बांग्सा’, आणि राज्याच्या मुख्य कारभाऱ्याला ‘पेरदाना मंतेरी’, म्हणजे आपला प्रधान मंत्रीच. परंतु हे इतर शब्द नुसते बोलण्यात राहिले. ‘बुमिपुतेरा’ मात्र कचेरीत जाऊन बसला. घर विकत घेताना सवलत मिळावयाची की नाही, सरकारी ठेका कोणाच्या वाट्याला जावयाचा, उच्च शिक्षणाच्या काही जागा कोणासाठी राखावयाच्या, याचा निर्णय तेथे या एका शब्दाच्या आधारे होतो.

हा शब्द कानी पडला की आम्हा बृहन्महाराष्ट्रातील मंडळींचे मन थोडे सावध होते. आमच्यापैकी कित्येकांची घराणी शिंदे-होळकर-पवारांच्या पदरी माळव्यात आली, काहींची गायकवाडांबरोबर गुजराथेत गेली, तर काहींनी निजामाच्या राज्यात बिऱ्हाड केले. ज्या गावात पणजोबांची चिता पेटली त्याच गावात पणतूचे बारसे झाले. तरीही “आपले मूळ गाव कोणते?” हा प्रश्न आम्हांला अजून विचारला जातो आणि आम्हीही एकमेकांना तो विचारतो. इकडे खुद्द महाराष्ट्रात भूमिपुत्रांच्या हक्काची ललकारी १९६० नंतरच्या दशकात उठली, तेव्हा तिकडच्या आप्तांचा अभिमान आणि इकडची आमची चिंता या दोन्ही गोष्टी एकाच टपालाने घरात येत असत. म्हणून ज्या पुरुषाने आपली सारी राजकीय हयात या एका शब्दाभोवती घालविली, त्याच्या चरित्राकडे या वेळी वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांला वाटले.

तो पुरुष म्हणजे मलेशियाचे माजी पंतप्रधान डॉ. महाथीर मोहमद. १० जुलै २०२५ रोजी त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. दोन खेपा मिळून सुमारे चोवीस वर्षे ते पंतप्रधान होते. पहिली खेप १९८१ ते २००३ आणि दुसरी २०१८ ते २०२०. त्यांना आधुनिक मलेशियाचे शिल्पकार म्हणणारे आहेत, तसेच त्या देशातील न्यायालये, वृत्तपत्रे आणि लोकशाही यांचा कणा त्यांनीच मोडला असे म्हणणारेही आहेत. आमच्या मते दोन्ही पक्ष खरे बोलतात, आणि म्हणूनच हे चरित्र विचार करण्याजोगे झाले आहे.

महाथीर यांचा जन्म १९२५ साली केदाह संस्थानातील अलोर सेतार या गावी झाला. केदाह म्हणजे तमिळ लेखांतील ‘कडारम’. सुमारे १०२५ साली राजेंद्र चोळाचे आरमार ज्या किनाऱ्यावर चालून गेले तोच हा मुलूख. वडील मोहमद इस्कंदर हे इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक, शिस्तीचे कडक. त्यांच्या घराण्याचे मूळ केरळात होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची आठवण करावी लागणार आहे. जपानी अमदानीत शाळा बंद पडली तेव्हा विद्यार्थी महाथीरने बाजारात कॉफी आणि केळ्याची भजी विकली. युद्ध संपल्यावर सिंगापूरच्या किंग एडवर्ड सातवा वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथेच त्यांची सिती हस्मा या विद्यार्थिनीशी ओळख झाली. १९५६ साली विवाह झाला आणि पुढे अलोर सेतारला महाथीर यांनी स्वतःचा दवाखाना थाटला. विद्यार्थिदशेपासूनच टोपणनावाने ते सिंगापूरच्या इंग्रजी पत्रात मलय समाजाविषयी लिहीत असत.

त्या काळच्या मलायाची घडी इंग्रजांनी बसविलेली होती. कथलाच्या खाणी आणि बाजारपेठ बहुतांशी चिन्यांकडे, रबराच्या मळ्यांत घाम गाळावयास तमिळ मजूर, आणि मलय माणूस भाताच्या खाचरात किंवा मासेमारीच्या होडीत. १९५७ साली स्वातंत्र्य आले तरी ही वाटणी फारशी बदलली नाही. राज्य मलयांचे आणि पेठ चिन्यांची, अशी ती न बोललेली तडजोड होती. पहिले पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान हे केदाहच्याच राजघराण्यातील. स्वभावाने सौम्य असलेल्या टुंकूंना ही तडजोड पुरेशी वाटे. दवाखान्यात रोज गरीब मलय रोगी तपासणाऱ्या महाथीर यांना ती अन्यायाची वाटे.

१९६४ साली महाथीर सत्ताधारी ‘उम्नो’ पक्षातर्फे लोकसभेत गेले. १० मे १९६९ च्या निवडणुकीत मात्र हजाराहूनही कमी मतांनी त्यांचा पराभव झाला. त्या निवडणुकीत विरोधी पक्षांनी मोठी मुसंडी मारली होती. त्यांच्या विजयी मिरवणुकांनी वातावरण तापले आणि १३ मे रोजी क्वालालंपूरमध्ये मलय व चिनी यांच्यात दंगल पेटली. सरकारी आकड्याप्रमाणे १९६ माणसे मेली. खरा आकडा त्याहून मोठा होता असे मानणारे पुष्कळ आहेत. आणीबाणी पुकारण्यात आली आणि संसद स्थगित झाली. महाथीर यांनी टुंकूंना एक जळजळीत पत्र लिहिले. चिन्यांचे लाड केल्यामुळेच हे अरिष्ट ओढवले, तेव्हा आता पायउतार व्हा, असा त्याचा आशय होता. पत्राच्या प्रती गावोगाव फिरल्या आणि महाथीर यांची पक्षातून हकालपट्टी झाली.

१९७० साली त्यांचे ‘द मलाय डिलेमा’ हे पुस्तक सिंगापुरात प्रसिद्ध झाले. मलेशियात त्यावर बंदी आली आणि लेखक पंतप्रधान होईपर्यंत ती उठली नाही. पुस्तक वैद्याच्या हातचे होते. रोग कोणता, तो कशामुळे झाला आणि उपाय काय, अशी त्याची मांडणी होती. मलय माणूस या भूमीचा मूळ धनी असून स्वतःच्याच घरात मागे पडला आहे. राज्याने हात दिल्यावाचून तो उभा राहणार नाही, असे त्याचे प्रतिपादन. आनुवंशिकतेविषयी त्यात काही विधाने आहेत. ती तेव्हाही आक्षेपार्ह होती आणि आजही आहेत. तथापि दारिद्र्याचे निदान खोटे नव्हते. १९७० साली द्वीपकल्पीय मलेशियातील जवळजवळ निम्मी कुटुंबे दारिद्र्यात होती आणि त्यांत मलयांचा भरणा अधिक होता. कंपन्यांच्या भांडवलात भूमिपुत्रांचा वाटा अवघा २.४ टक्के होता.

टुंकूंनंतर पंतप्रधान झालेल्या अब्दुल रझाक यांनी १९७१ साली ‘नवे आर्थिक धोरण’ जाहीर केले. भूमिपुत्रांना शिक्षण, नोकरी व व्यापार यांत सवलती द्यावयाच्या आणि भांडवलातील त्यांचा वाटा तीस टक्क्यांवर न्यावयाचा, असे ते धोरण होते. त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली होती, ती म्हणजे मुदत. वीस वर्षांत, म्हणजे १९९० अखेर, हे उद्दिष्ट गाठावयाचे होते. औषध किती दिवस घ्यावयाचे हे चिठ्ठीवरच लिहिले होते म्हणा ना! मात्र त्याच सुमारास राजद्रोहाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मलयांच्या विशेष हक्कांविषयी जाहीर शंका घेणे हा गुन्हा ठरला. संसदेच्या सभासदांनाही त्यातून सूट मिळाली नाही. रोग्याने औषधाबद्दल प्रश्नच विचारावयाचा नाही, असा हा दंडक होता.

रझाक यांनीच १९७२ साली महाथीर यांना पक्षात परत घेतले. १९७४ मध्ये ते शिक्षणमंत्री झाले, १९७६ मध्ये उपपंतप्रधान, आणि १६ जुलै १९८१ रोजी पंतप्रधान. त्यांच्या आधीचे तिघेही पंतप्रधान राजघराण्यातील वा खानदानी सरदारकुळातील होते. शाळामास्तरचा मुलगा त्या खुर्चीवर प्रथमच बसला. आरंभ उमेदीचा होता. सरकारी नोकरांनी छातीवर नावाची पट्टी लावावी, कचेरीत आल्याची वेळ यंत्रावर नोंदवावी, असे हुकूम सुटले. १ जानेवारी १९८२ रोजी द्वीपकल्पातील घड्याळे अर्धा तास पुढे सरकवून सबा व सारवाक या पूर्वेकडील प्रांतांशी जुळविण्यात आली. चौकशीविना स्थानबद्ध असलेल्या काही कैद्यांची सुटकाही झाली. हा मनुष्य काही निराळे करणार, असे लोकांना वाटले.

निराळे त्यांनी केलेही. पश्चिमेकडे न बघता जपानकडे पाहा, असा त्यांचा मंत्र होता. मित्सुबिशीच्या साहाय्याने ‘प्रोटॉन सागा’ ही स्वदेशी मोटार १९८५ साली रस्त्यावर आली. उत्तर-दक्षिण द्रुतगती मार्ग, नवा विमानतळ, ‘पुत्रजय’ या नावाची नवी प्रशासकीय राजधानी आणि ४५२ मीटर उंचीचे पेट्रोनास मनोरे ही सारी त्यांच्याच राजवटीतील कामे. रबर आणि कथील विकणारा देश विजेची उपकरणे आणि यंत्रांचे सुटे भाग विकू लागला. १९९० पर्यंत दारिद्र्याचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवर आले. गरीब मलय शेतकऱ्याचा मुलगा अभियंता झाला, मुलगी डॉक्टर झाली. ज्याच्या घरात हा बदल घडला त्याने महाथीर यांचा फोटो भिंतीवर लावला तर त्याला हसण्याचा अधिकार कोणाला आहे?

परंतु औषधाचा गुण आला की वैद्य मात्रा कमी करतो. येथे तसे घडले नाही. १९९० साल आले. भूमिपुत्रांचा वाटा २.४ वरून १९ टक्क्यांवर गेला होता, पण तीस टक्के झाला नव्हता. धोरणाचे नाव बदलले आणि सवलती बहुतेक होत्या तशाच राहिल्या. दरम्यान त्या सवलतींचा लोण्याचा गोळा सत्तेच्या जवळ असलेल्या थोड्या घरांत जाऊ लागला होता. खाचरातल्या मलयाच्या नावाने निघालेला ठेका क्वालालंपूरच्या बंगल्यात उतरे. मळ्यांतील तमिळ मजूर गरिबीत कोणाहून कमी नव्हता, पण तो भूमिपुत्र नसल्यामुळे त्याच्या गरिबीला औषध मिळण्याची सोय त्या चिठ्ठीत नव्हती.

सत्तेच्या बाबतीतही हेच झाले. एप्रिल १९८७ मध्ये पक्षाच्या अध्यक्षपदासाठी टेंकू रझाले हमझा यांनी महाथीर यांना आव्हान दिले. ७६१ विरुद्ध ७१८ अशा केवळ ४३ मतांच्या फरकाने महाथीर निभावले. आपली खुर्ची एवढ्या पातळ दोरीला टांगलेली आहे, हे ज्या दिवशी त्यांना कळले त्या दिवसापासून त्यांचे राजकारण बदलले असे आम्हांला वाटते. त्याच वर्षी चिनी शाळांतील नेमणुकांवरून वातावरण तापले होते. २७ ऑक्टोबरपासून ‘ऑपरेशन लालांग’ सुरू झाले. लालांग हे तिकडच्या एका चिवट रानगवताचे नाव. शंभराहून अधिक लोकांना चौकशीविना अटक झाली; त्यांत विरोधी पक्षनेते लिम किट सिआंग होते, वकील करपाल सिंग होते, तसेच समाजसेवक आणि धर्मोपदेशकही होते. तीन वृत्तपत्रांचे परवाने रद्द झाले. ज्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली हे घडले, तो १९६० साली कम्युनिस्ट बंडखोरांसाठी केलेला होता. बंड जवळजवळ विझले होते, पण कायदा कपाटात तयार होता.

पुढच्या वर्षी पाळी न्यायालयांची आली. पक्षनिवडणुकीच्या दाव्यात उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८८ मध्ये ‘उम्नो’ हा पक्षच बेकायदा ठरविला. महाथीर यांनी तत्परतेने नवा ‘उम्नो’ स्थापन केला आणि विरोधकांना त्याच्या दाराबाहेर ठेवले. घटनादुरुस्तीने न्यायालयांच्या अधिकाराला कात्री लागली. देशाचे सरन्यायाधीश टुन सालेह अबास यांना न्यायाधिकरणापुढे उभे करून ऑगस्टमध्ये पदच्युत करण्यात आले आणि त्यांच्यामागून आणखी दोन न्यायमूर्तींना घरी जावे लागले. मलेशियाच्या न्यायासनाचा लौकिक पूर्वी मोठा होता. तो त्या एका वर्षात जो खाली आला, तो सावरावयास पुढच्या पिढीलाही कठीण गेले.

आता अन्वर इब्राहिम यांच्याकडे वळू. विद्यार्थी चळवळीतून आलेला हा तेजस्वी तरुण १९८२ साली महाथीर यांनीच पक्षात आणला आणि पुत्रवत् वाढवून उपपंतप्रधानपदापर्यंत नेला. १९९७ साली थायलंडपासून पूर्व आशियात चलनांची पडझड सुरू झाली. मलेशियाचे रिंगिट डॉलरला अडीचवरून साडेचारच्याही पलीकडे घसरले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या शिकवणीप्रमाणे काटकसर करावी असा अर्थमंत्री अन्वर यांचा कल, तर हा परदेशी सट्टेबाजांचा डाव आहे असे महाथीर यांचे मत. १ सप्टेंबर १९९८ रोजी भांडवलाच्या हालचालीवर निर्बंध जाहीर झाले आणि लगोलग डॉलरचा भाव ३.८० रिंगिट असा बांधण्यात आला. जगभरच्या पंडितांनी तेव्हा डोक्याला हात लावला. पण देश सावरला, आणि या बाबतीत महाथीर यांचे धैर्य फुकट गेले नाही असे पुढे त्यांच्या कित्येक टीकाकारांनाही मान्य करावे लागले.

परंतु त्याच आठवड्यात, २ सप्टेंबरला, अन्वर यांना बडतर्फ करण्यात आले आणि त्या महिन्याच्या २० तारखेला अटक झाली. पुढे न्यायालयात त्यांना आणले तेव्हा त्यांचा डोळा काळानिळा झाला होता. खुद्द पोलीसप्रमुखांनी कोठडीत मारहाण केल्याचे नंतर सिद्ध झाले. गैरवर्तन आणि अनैसर्गिक संबंध अशा आरोपांखाली सहा आणि नऊ वर्षांच्या शिक्षा झाल्या. दुसरी शिक्षा २००४ साली, महाथीर निवृत्त झाल्यानंतर, वरिष्ठ न्यायालयाने रद्द केली. त्या काळ्यानिळ्या डोळ्याचे चित्र घेऊन हजारो तरुण रस्त्यावर आले. त्यांत मलय तरुण मोठ्या संख्येने होते. ज्या भूमिपुत्रांना शिकवून शहाणे केले, तेच आता प्रश्न विचारू लागले होते.

२००२ साली पक्षाच्या अधिवेशनात महाथीर यांनी भर सभेत रडत राजीनामा जाहीर केला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये ते पायउतार झाले. त्या दरम्यान त्यांनी केलेल्या एका भाषणाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. जुलै २००२ मध्ये क्वालालंपूर येथे ‘नवी मलय कोंडी’ या विषयावर बोलताना त्यांनी सवलतींना कुबड्यांची उपमा दिली. मलय माणसाला कुबड्यांची इतकी सवय झाली आहे, की तो त्यांना आधार न मानता प्रतिष्ठेची खूण मानू लागला आहे, असा त्यांचा खेद होता. बत्तीस वर्षांनी वैद्याने स्वतःच्या निदानाखाली स्वतःच टीप लिहिली. मात्र बावीस वर्षे अधिकार हाती असताना ती टीप त्यांनी अंमलात का आणली नाही, याचे उत्तर त्या भाषणात नव्हते.

यापुढची कथा एखाद्या नाटककाराने लिहिली असती तर आम्ही तिला अतिरंजित म्हटले असते. २००९ मध्ये पंतप्रधान झालेले नजीब रझाक हे वर उल्लेखिलेल्या अब्दुल रझाक यांचे पुत्र. त्यांच्या काळात ‘वन एमडीबी’ या सरकारी निधीतून अब्जावधी डॉलर नाहीसे झाल्याचा बोभाटा झाला आणि पंतप्रधानांच्या खाजगी खात्यात सुमारे ७० कोटी डॉलर जमा झाल्याचे वृत्त २०१५ साली प्रसिद्ध झाले. नव्वदीच्या महाथीर यांनी २०१६ मध्ये ‘उम्नो’ सोडला आणि नवा पक्ष काढला. तेव्हा त्यांना दिसून आले, की वृत्तपत्रे बोलत नाहीत, पोलीस ऐकत नाहीत, पक्षात कोणी प्रश्न विचारीत नाही आणि चौकशी करू पाहणारा अधिकारी घरी जातो. नजीब यांना सत्तेची ही सारी यंत्रणा आयती, तेलपाणी केलेली, हाती मिळाली होती. ती कोणी बसविली हे सांगण्याची आवश्यकता नाही.

एप्रिल २०१८ मध्ये महाथीर यांच्या पक्षाची नोंदणी तात्पुरती रद्द झाली. निवडणुकीच्या फलकांवरून त्यांचे छायाचित्र कापून काढण्यात आले. कापलेल्या जागी मागचे आकाश दिसे. ‘खोट्या बातम्या’ देण्याविरुद्धच्या नव्या कायद्याखाली त्यांची चौकशी सुरू झाली. पेराल तसे उगवते ही म्हण आपण मुलांना शाळेत शिकवितो, परंतु पेरणाराच्या हयातीत आणि त्याच्याच ताटात ते पीक वाढलेले क्वचितच पाहावयास मिळते.

अशा वेळी त्यांना कोणाची आठवण झाली? नजीब यांच्या अमदानीत पुन्हा तुरुंगात गेलेल्या अन्वर यांची. ५ सप्टेंबर २०१६ रोजी क्वालालंपूरच्या उच्च न्यायालयात, कैदी म्हणून आणलेल्या अन्वर यांना महाथीर भेटावयास गेले. अठरा वर्षांनी दोघांचा हात हातात आला. अन्वर तेथे एका नव्या सुरक्षा कायद्याला आव्हान देण्यासाठी आले होते आणि महाथीर त्यांना पाठिंबा द्यावयास आले होते. अन्वर यांच्या पत्नी वान अझिझा यांनी पतीच्या मुक्ततेसाठी वीस वर्षे लढा दिला. त्यांना त्या हस्तांदोलनाच्या वेळी काय वाटले असेल, याचा विचार आमच्या वाचक भगिनींनी करून पाहावा.

९ मे २०१८ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून एकसष्ट वर्षे चाललेली सत्ता उलथली. दुसऱ्या दिवशी ९२ वर्षांचे महाथीर पुन्हा पंतप्रधान झाले आणि १६ मे रोजी राजाने अन्वर यांना माफी दिली. यथावकाश अन्वर यांच्या हाती कारभार सोपवीन, असे वचन होते. परंतु जुने दुखणे उफाळून आले. वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही करावी, असा विचार सरकारने बोलून दाखविताच मलयांचे विशेष हक्क जाणार अशी आवई उठली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली, तरी डिसेंबरात राजधानीत प्रचंड मोर्चा निघाला. ही भीती महाथीर यांनीच अर्धे शतक जोपासली होती; ती आता त्यांच्याच सरकारच्या अंगावर आली. फाटाफूट होऊन २४ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांनी राजीनामा दिला. सत्तांतराचे वचन तसेच राहिले.

त्याच सुमारास आपल्या देशाशीही त्यांची चकमक झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्यांनी काश्मीरविषयी केलेल्या वक्तव्याने दिल्ली दुखावली आणि जानेवारी २०२० मध्ये शुद्ध केलेल्या पामतेलाच्या आयातीवर निर्बंध आले. आपल्या फरसाणाच्या कढईतले तेल आणि क्वालालंपूरचे राजकारण यांचा संबंध त्या वेळी पुष्कळांना प्रथमच कळला.

नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत लंकावी मतदारसंघात महाथीर यांची अनामतही जप्त झाली. १९६९ नंतरचा तो त्यांचा पहिलाच पराभव. पाच दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, अन्वर इब्राहिम पंतप्रधान झाले. जे दान द्यावयाचे महाथीर टाळीत राहिले, ते अखेर त्यांच्या हातून न जाता मतदारांच्या हातून गेले.

ही कथा येथेच संपविता आली असती. परंतु जानेवारी २०२४ मध्ये एका तमिळ वाहिनीला दिलेल्या मुलाखतीत महाथीर जे बोलले, त्यामुळे आम्हांला लेखणी थांबविता येत नाही. मलेशियातील भारतीय वंशाचे लोक देशाशी पूर्णपणे एकनिष्ठ नाहीत, ते अजून आपल्या मूळ देशाशी नाते सांगतात, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यावर मोठा गदारोळ उठला. आता वाचकांनी केरळातून आलेल्या त्या घराण्याची आठवण करावी. मलेशियाच्या घटनेप्रमाणे मलय कोण? जो इस्लाम धर्म पाळतो, नित्य मलय भाषा बोलतो आणि मलय चालीरीती आचरतो, शिवाय ज्याचे जन्माने त्या भूमीशी नाते आहे, तो. म्हणजे केरळातून आलेल्याचा नातू भूमिपुत्र होऊ शकतो, आणि चार पिढ्या रबराच्या चिकात हात घालणाऱ्या तमिळाचा पणतू होऊ शकत नाही. फरक मातीचा नाही; घरात कोणती भाषा बोलली जाते आणि देव्हाऱ्यात कोण आहे, याचा आहे.

हे वाचून आमच्या घरांत कोणी आपल्या सुरक्षिततेवर समाधान मानू नये, आणि कोणी भयभीतही होऊ नये. आपली स्थिती मलेशियातील तमिळांसारखी नाही. एकाच राष्ट्राचे आपण सर्व नागरिक आहोत आणि आपल्या घटनेने भाषिक अल्पसंख्याकांना आपली भाषा जतन करण्याचा हक्क दिलेला आहे. तथापि तत्त्वाचा प्रश्न एकच आहे. घरात मराठी बोलणे, गणपती बसविणे, मुलांची मुंज-लग्ने आपल्या रीतीने करणे, आणि त्याच वेळी ज्या गावाचे पाणी पितो त्या गावाचे होऊन राहणे, यांत विरोध आहे काय? आमच्या पूर्वजांनी माळव्यात, गुजराथेत, तेलंगणात शाळा काढल्या, ग्रंथालये चालविली, दवाखाने उभारले, ते केवळ मराठी माणसासाठी नव्हते. त्यांनी कधी हा विरोध मानला नाही. आम्हीही मानत नाही.

आणि एक पथ्य आपल्याकरिताही आहे. उद्या महाराष्ट्रात आपल्याच भाषेचे लोक परप्रांतीय रिक्षावाल्याला वा फेरीवाल्याला त्याचे मूळ गाव दरडावून विचारू लागले, तर आपण कोणत्या बाजूस उभे राहणार? मागे पडलेल्याला हात देणे हे राज्याचे कर्तव्यच आहे, आणि हात देणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. महाथीर यांनी गरीब मलयाची नाडी पाहिली ती खरीच होती. त्यांचे चुकले ते एवढेच, की चिठ्ठीवरची मुदत पुसली, रोग्याला प्रश्न विचारण्याची बंदी केली आणि दवाखान्याच्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला ठेवून घेतल्या. किल्ल्या सोडून द्याव्या असे त्यांना वाटले तोवर कुलपेही बदलली होती.

आपापल्या मंडळांच्या, संस्थांच्या, किंबहुना घरच्या कारभाराच्याही किल्ल्या आज ज्यांच्या कमरेला आहेत, त्या आमच्या वडीलधाऱ्या वाचकांनी हे शंभर वर्षांचे चरित्र एकदा शांतपणे वाचावे, एवढीच विनंती.